मास्तरांचं पॉलिश आणि भाचीचं शेवाळ

मास्तरांच्या मते जगातली निम्मी माणसं आंधळी होती आणि उरलेली अडाणी. ज्यांना चांगलं पॉलिश ओळखता येत नाही ती आंधळी, आणि ज्यांना ओळखता येतं पण त्याची किंमत कळत नाही ती अडाणी. स्वतः मास्तर या दोन्हींत मोडत नसल्यामुळे त्यांना ही विभागणी अगदी बिनचूक वाटायची.

मास्तर खोटे डोळे बनवत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं, पण गेली बत्तीस वर्षं समोर येईल त्याला शिकवत आल्यामुळे ही पदवी त्यांना आपसूक चिकटली होती. दोन खोल्यांचं दुकान. पुढच्या खोलीत उंच पाठीची खुर्ची, एक आरसा आणि बुबुळांनी भरलेले उथळ खण. मागच्या खोलीत मोटारीवर फिरणारं कापडी चाक, पॉलिशच्या पावडरीचे डबे आणि सगळ्यावर बसलेली पांढरी धूळ. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बुबुळ रंगवायचं, पांढऱ्यावर लाल रेशमाचे तंतू एकेक करून चिकटवायचे म्हणजे त्या शिरा दिसतात, वर पारदर्शक ॲक्रिलिकचा थर द्यायचा आणि मग चाक. चाकावर मास्तर जेवढा वेळ घालवत तेवढ्यात दुसऱ्या कुणाचे दोन डोळे तयार झाले असते. तसं ते स्वतःच सांगत, आणि 'दुसरा कुणी' म्हणताना तोंड असं करत की जणू तो शब्दच नासका निघाला.

तयार डोळा ते ट्यूबखाली धरत. ट्यूबची पांढरी रेघ डोळ्याच्या फुगवट्यावर उमटली पाहिजे, आणि ती कुठेही थरथरता, तुटता, धुरकटता कामा नये. रेघ जरा हलली की पुन्हा चाक. बत्तीस वर्षांत थरथरती रेघ घेऊन एकही डोळा त्या दारातून बाहेर पडला नव्हता. हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते ऐकून ऐकून लोकांना वीट आला होता.

डॉक्टरांना ते 'कापणारे' म्हणत. चष्म्याच्या दुकानदारांना 'काचवाले'. आणि डोळ्यांत घालायचे वंगणाचे थेंब विकायला येणारा जो एजंट होता, त्याला तर ते माणसांतच धरत नसत. त्याने नमुना म्हणून दिलेली कुपी मास्तरांनी त्याच्यासमोरच दाराच्या बिजागरीत ओतली, दार दोनदा उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "अजून कुरकुरतंय. जा, कारखान्यात जाऊन सांग." तो बिचारा गेला तो परत आला नाही. मास्तरांनी हा किस्सा पुढे सहा महिने पुरवून पुरवून सांगितला.

एकच माणूस होतं ज्याच्यासमोर मास्तर जरा मऊ होत. त्यांची धाकटी बहीण. सव्विसाव्या वर्षी कसल्याशा जंतूंनी तिचा डावा डोळा खाल्ला, आणि तो काढावा लागला. तेव्हापासून चोवीस वर्षं ती मास्तरांचे डोळे वापरत होती, आताचा सातवा. ती पोस्टात चार नंबरच्या खिडकीवर बसायची. दिवसाकाठी शे-दीडशे माणसं तिच्या तोंडाकडे बघून बोलायची, आणि त्यांतल्या एकालाही पत्ता नव्हता. मास्तर मुद्दाम कधीतरी पोस्टात जाऊन बाकावर बसत आणि लोकांना पत्ता नसल्याचं बघत. ते त्यांचं सुख होतं.

गेल्या वर्षभरात मात्र गाडी बिघडली. सकाळी पापणी चिकटलेली. डोळ्यावर पांढरट थर. दुपारनंतर पापणी लाल, आणि प्रत्येक उघडझाप वाळूतून काढल्यासारखी. धाकटी आधी महिन्याला यायची, मग पंधरवड्याला, मग दर शनिवारी. मास्तर डोळा काढून घ्यायचे, चाकावर धरायचे, रेघ बघायचे, परत बसवायचे. "आता बघ," म्हणायचे. ती उघडझाप करून बघायची आणि "हो, बरं वाटतंय," म्हणायची. पुढच्या शनिवारी परत हजर.

शेवटी ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने पापणी उलटी करून बघितली आणि सांगितलं की आतलं अस्तर सोलवटलंय, फोड आलेत. दोन महिन्यांत ते निवळलं नाही तर डोळा काढून ठेवायचा, निदान वर्षभर. आणि वर्षभर रिकामी राहिलेली तिची खोबण आक्रसणार. मग तिच्यात पुन्हा डोळा बसेलच असं नाही.

"कापणाऱ्याला काय जातं सांगायला!" मास्तर म्हणाले. पण त्या शनिवारी त्यांनी चाक नेहमीच्या दुप्पट वेळ फिरवलं.

मग भाची आली. धाकटीची मुलगी. ही एका प्रयोगशाळेत होती, आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर पापणी किती घासते आणि ती घासू नये म्हणून काय लावावं, यावर तिचं चार वर्षं संशोधन चाललं होतं. मास्तरांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "घासायचंच होतं तर माझ्याकडे यायचं. चार वर्षांत निदान चाक धरायला तरी शिकली असतीस."

"मामा, तुझ्या डोळ्यात खोट नाही," भाची खुर्चीच्या हातावर बसत म्हणाली. धाकटी खुर्चीत होती. "इतका गुळगुळीत डोळा मी कुठेच बघितला नाही. पण तो पाणी धरत नाही."

"डोळा आहे तो. माठ नाही."

भाचीने टेबलावरचा एक तयार डोळा उचलला, तांब्यातलं पाणी बोटावर घेतलं आणि थेंब डोळ्यावर सोडला. थेंब टम्म गोल उभा राहिला आणि घरंगळून खाली गेला. मागे डोळा कोरडा ठणठणीत.

"हे बघ."

"बघतोय," मास्तर फुलून म्हणाले. "मोती आहे मोती! याला म्हणतात पॉलिश. पाण्यालासुद्धा पाय ठेवायला जागा नाही."

"तेच तर म्हणतेय मी! अश्रूंनाही नाही." तिने आईच्या चांगल्या डोळ्याकडे बोट केलं. "खऱ्या डोळ्यावर बुळबुळीत रेणूंचं दाट अस्तर असतं. एक टोक डोळ्याला घट्ट, बाकीचा रेणू पाण्यात मोकळा. ते पाणी धरून बसतं. पापणी डोळ्याला घासतच नाही, त्या पाण्यावरून सरकते. दिवसातून दहा हजार वेळा, आणि आपल्याला कळतही नाही. तुझ्या डोळ्यावर अश्रू पसरले की लगेच फाटतात. मग पापणी कोरड्यावरून ओढली जाते. दहा हजार वेळा."

"म्हणून तर पॉलिश लागतं."

"मामा, घसरून पडतोस तू कधी? कोरड्या गुळगुळीत फरशीवर, की शेवाळ धरलेल्या ओल्या फरशीवर?"

मास्तरांनी एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि मग असे हसले की मागच्या खोलीतली धूळ उडाली असेल. "शेवाळ! ऐकलंस का गं? तुझी लेक तुझ्या डोळ्यावर शेवाळ लावणार आहे! चार वर्षं शिकून बाईंनी हे दिवे लावले!"

भाची लाल झाली, पण सोडेना. तिने पिशवीतून ॲक्रिलिकची एक बोटभर पट्टी काढली. अर्धी नुसती, अर्ध्यावर तिचं अस्तर. हायलुरोनिक आम्ल नावाचा लांबलचक रेणू. आपल्या सांध्यांतल्या वंगणातही असतो. तो तिने एका टोकाने ॲक्रिलिकला पक्का बांधला होता. थेंबासारखा तो वाहून जात नाही. जाडी केसाच्या शंभराव्या भागाहून कमी. प्रयोगशाळेत तिचं एक यंत्र होतं, ते पापणीसारखा मऊ तुकडा अशा पट्टीवरून मागेपुढे ओढतं आणि किती अडकतो ते मोजतं. अस्तरावर तो वीसपट कमी अडकत होता.

"तुझ्या यंत्राला पापणी फुटली की मला बोलाव," मास्तर म्हणाले, आणि पट्टी घेऊन त्यांनी ती चहाच्या ग्लासाखाली सरकवली. पुढे ती तिथेच राहिली. मास्तरांना ग्लासाखाली ठेवायला असं काहीतरी हवंच होतं.

"दादा," धाकटी म्हणाली, "दोन्ही घालून बघू ना. मला सांगूच नका कुठला कुणाचा."

तिने मागितलं म्हणून ठरलं. एकाच साच्यातून मास्तरांनी दोन डोळे काढायचे, दोन्हींना पॉलिश करायचं, त्यांतल्या एकावर भाचीने अस्तर चढवायचं. दहा दिवस एक, दहा दिवस दुसरा. मास्तरांनी होकार दिला तो भाचीचा टेंभा एकदाचा उतरावा म्हणून, आणि तसं त्यांनी शेजारच्या शिंप्याला जाऊन सांगितलंही.

पहिले दहा दिवस साधा डोळा गेला. तोवर भाचीने दुसरा आणून दिला. लहानशा बरणीत, पाण्यात बुडालेला. "मामा, नीट ऐक. पाण्यातून काढायचा आणि तसाच ओला बसवायचा. सुकू द्यायचा नाही, साबण नाही, फडकं तर अजिबात लावायचं नाही."

"डोळा कसा बसवतात तेही शिकव आता," मास्तर म्हणाले. "तेवढंच राहिलं होतं."

भाची गेली. धाकटी यायला अजून अर्धा तास होता. मास्तरांनी बरणी उघडली, डोळा काढला आणि सवयीने ट्यूबखाली धरला. तो त्यांच्या बोटांत सुकला. सुकल्यावर रेघ उमटली, आणि मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रेघ धुरकट होती. तुटलेली नव्हती, थरथरत नव्हती, पण कुणी वर श्वास सोडल्यासारखी अंधुक. हा डोळा त्यांच्या साच्यातला, त्यांच्या रंगाचा, त्यांच्याच बहिणीसाठी. आणि तो असा त्यांच्या दारातून जाणार?

इथे एक सांगायलाच हवं की मास्तरांच्या मनात पाप नव्हतं. पापाला थोडी तरी अक्कल लागते. त्यांना फक्त धुरकट रेघ दिसली, आणि धुरकट रेघ दिसली की त्यांचे पाय मागच्या खोलीकडे वळत. फडकं लावू नको असं पोर म्हणाली होती. फडकं त्यांनी लावलंच नाही. चाक लावलं. फार नाही, अर्धा मिनिट. हलका हात. रेघ लख्ख झाली. पोरीच्या कामाला आपला हात लागला, आता निदान ते चारचौघांत दाखवण्यासारखं झालं, असं वाटून त्यांना तिच्याबद्दल थोडी मायासुद्धा आली. डोळा त्यांनी पुन्हा बरणीत टाकला. शेवटचा हात फिरवला ही काही कुणाला सांगायची गोष्ट नसते, म्हणून सांगितलं नाही. धाकटी आली, तिला बसवला. दोन-तीनदा उघडझाप करून ती भावाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, आणि मग "बरं," म्हणून गेली.

दहा दिवसांनी तिघं पुन्हा दुकानात जमली. भाची उभीच होती, तिला बसवेना. धाकटी खुर्चीत. पापणी लाल, कडेला पांढरा थर. बघणाऱ्याला विचारायची गरज नव्हती, तरी भाचीने विचारलं.

"दोन्ही सारखेच," धाकटी म्हणाली. आधी तिने मास्तरांकडे बघितलं, मग खाली.

"सारखे कसे असतील, आई? थोडाही फरक नाही? संध्याकाळी तरी?"

"सारखेच गं."

भाचीचं तोंड एवढंसं झालं. यंत्रावर वीसपट फरक येत होता, पुन्हा पुन्हा येत होता, असं काहीतरी ती पुटपुटली. मास्तरांना हीच वेळ हवी होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी चांगलं अर्धा तास सुनावलं. यंत्र म्हणजे काय आणि माणूस म्हणजे काय. हातातली कला कशाला म्हणतात. कालची पोरं कुठल्या जोरावर गमजा मारतात. "वाळलं म्हणायचं तुझं शेवाळ!" ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा भाचीने पिशवी उचलली आणि निघून गेली.

"झालं तुझं?" धाकटीने विचारलं. "मग ऐक. सोमवारपासून मी डोळ्यावर पट्टी बांधणार. डॉक्टरला सांगितलंय. साहेबांनाही सांगितलंय, पहिल्या तारखेपासून मी आत टपाल निवडायला बसेन. खिडकीवर पट्टी बरी दिसत नाही म्हणाले."

"साहेब कोण सांगणारा! आणि आपण अजून पॉलिश..."

"बस झालं रे दादा. दुखतं मला."

चोवीस वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटलं होतं. डोळा तिने स्वतःच काढला, रुमालाने पुसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवून गेली.

मास्तरांनी दोन दिवस डॉक्टरला शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी साहेबाला. चौथ्या दिवशी शिव्या घालायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी दुकान आवरायला काढलं. धाकटीचे दोन्ही डोळे धुऊन खणात ठेवायचे होते. बेसिनशी उभं राहून त्यांनी नळाखाली पहिला धरला. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळले. छान. दुसरा धरला. याच्या मागच्या बाजूला भाचीने ओळखीसाठी कोरलेला बारीक ठिपका होता. यावरही मोती झाले आणि घरंगळले.

मास्तरांनी नळ बंद केला. मग परत सुरू केला. मोती.

पाणी धरायचं म्हणत होती ना ही? मग कुठे धरतंय? मास्तरांच्या ओठांवर 'शेवाळ' आलंच होतं, तेवढ्यात त्यांची नजर टेबलाकडे गेली. त्यांनी चहाचा ग्लास उचलला, खालची पट्टी नळाखाली आणली, चहाचे गोल डाग धुतले आणि ती आडवी धरली. अर्ध्या पट्टीवर पाण्याचे मणी. दुसऱ्या अर्ध्यावर पाणी सपाट पसरलेलं, चादर घातल्यासारखं. पट्टी त्यांनी तिरकी केली. मणी पळाले. चादर हलली नाही. तीन आठवडे गरम चहाचा ग्लास डोक्यावर घेऊनसुद्धा हलली नव्हती. त्यांनी तिच्यावर अंगठा टेकवला, आणि अंगठा असा सटकला की पट्टी बेसिनमध्ये पडली.

पट्टी घेऊन ते मागच्या खोलीत आले. मोटार सुरू केली. अस्तराची बाजू चाकावर धरली. अर्धा मिनिट, हलका हात. परत नळ.

सगळ्या पट्टीवर मणी.

मास्तरांनी आयुष्यात केलेला हा पहिला प्रयोग, आणि तो त्यांनी स्वतःचा गाढवपणा सिद्ध करायला केला. धाकटीने वीस दिवस जे दोन डोळे तोलले ते दोन्ही त्यांचेच होते. एक त्यांचा, आणि दुसरा त्यांनी परत आपला करून घेतलेला. यावर त्या पोरीला अर्धा तास ऐकवलं होतं. आणि आता धाकटीच्या डोळ्यावरच्या पट्टीखाली ती खोबण दिवसागणिक आक्रसत असणार. बत्तीस वर्षं जगाला वाटत आलेली सगळी विशेषणं एकदम मालकाकडे परत आल्यासारखी त्यांच्या डोक्यात गर्दी करू लागली. आंधळा म्हणावं की अडाणी, एवढाच प्रश्न होता. ठिपक्याचा डोळा खिशात टाकून, दुकानाला कुलूप न लावताच ते बाहेर पडले.

चार नंबरच्या खिडकीसमोर रांग होती. रांगेत उभं राहणाऱ्यांना मास्तर मेंढरं म्हणत. आज ते अकरावं मेंढरू झाले. धाकटी काचेपलीकडे शिक्के मारत होती. डोळ्यावर पांढरी पट्टी. लोक पैसे सरकवत होते, पावत्या घेत होते आणि तिच्या तोंडाकडे सोडून बाकी सगळीकडे बघत होते. मास्तरांनी हे बाकावर बसून कधी बघितलेलं नव्हतं. त्यांचा नंबर आला.

"पुढे," धाकटी मान वर न करता म्हणाली. मग वर बघितलं. "दादा? काय पाठवायचंय?"

"काही नाही. मी चाक लावलं."

"कशाला?"

"दुसऱ्या डोळ्याला. तिच्या. धुरकट दिसला म्हणून मी... तिचं अस्तरच घासून काढलं मी. दोन्ही माझेच होते. तिचं चुकलं नव्हतं, माझं..."

"अहो, पाठवायचं नसेल तर बाजूला व्हा," मागचा पार्सलवाला म्हणाला. मास्तर त्यालाही काही बोलले नाहीत.

धाकटीने समोरच्या पाकिटावर शिक्का मारला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दोन्ही तुझेच आहेत ते. दुसरा घातलास तेव्हाच, पहिल्या उघडझापीला कळलं. चोवीस वर्षं तुझा हात पापणीखाली घेऊन फिरतेय मी. तो मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम केलंस."

मास्तरांनी काचेखालच्या फटीला दोन्ही हातांनी धरलं. गाढव म्हणवून घ्यायची तयारी करून ते आले होते. हे त्यांनी धरलेलंच नव्हतं.

"मुद्दाम? तुझ्याशी?"

"पोरीसमोर तुझं नाक कापलं जाऊ नये म्हणून केलंस, असं वाटलं. म्हटलं, एवढं जिवावर येतंय तर राहू दे. उरलीत किती वर्षं नोकरीची! बसेन आत टपाल निवडत." पुढचं पाकीट तिने ओढून घेतलं. "आणि आधीही कितीदा दुखायचंच की. पण तू ट्यूबखाली धरून बघायचास आणि इतका खूश व्हायचास. तुला काय सांगणार?"

मागचे लोक आता उघड कुरकुरू लागले होते. मास्तर बाजूला झाले आणि त्यांच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसले.

भाचीला त्यांनी त्याच दिवशी गाठलं. प्रयोगशाळेच्या फाटकाशी, उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगितलं. ती आधी पांढरीफटक पडली, मग लालबुंद.

"फडकं लावू नको म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"फडकं नाही लावलं."

"मग?"

"चाक."

भाचीने कपाळावर हात मारला. काहीतरी जळजळीत बोलायला तोंड उघडलं, पण समोर मामा मान खाली घालून उभा आहे हे दृश्य तिने जन्मात बघितलं नव्हतं, त्यामुळे ते शब्द तिच्या तोंडातच राहिले. "दे इकडे डोळा," ती म्हणाली. "नऊ दिवस लागतील. आणि तोवर आईला म्हणावं, खोबण रिकामी ठेवू नको, डॉक्टरकडून मऊ कवच बसवून घे."

"आणि ते अर्धा तास जे बोललो..."

"ते तू बोलतच असतोस रे."

दहाव्या दिवशी बरणी आली. धाकटीने पट्टी सोडली, आतलं कवच काढलं. भाची या खेपेला दाराशी पहारेकऱ्यासारखी उभी, मागच्या खोलीच्या वाटेवर. त्याची गरज नव्हती. मोटारीचा प्लग मास्तरांनी सकाळीच काढून ठेवला होता. आता त्यांनी भिंतीपाशी जाऊन ट्यूबही बंद केली. खिडकीतून येत होता तेवढ्या उजेडात त्यांनी बरणीतून डोळा काढला. तो बोटांतून दोनदा निसटता निसटता राहिला. आपलाच डोळा असा हातात राहत नाही हे त्यांना नवीन होतं. बघायचा मोह झाला, पण बघितला नाही. ओलाच उचलून त्यांनी वरची पापणी हलकेच वर केली, डोळा आत सरकवला आणि हात मागे घेतला.

धाकटीने डोळे मिटले. उघडले. परत मिटले. मान थोडी तिरकी केली, काहीतरी ऐकू येतंय का बघावं तशी.

"लागतोय?" मास्तरांनी विचारलं.

पुन्हा उघडझाप. पुन्हा.

"अगं, दुखतंय का? काढू?"

"दादा," ती म्हणाली, "हा तुझा नाही."

दाराशी भाचीने तोंडावर हात घेतला. "साचा माझाच आहे," मास्तर म्हणाले. "रंगही मीच दिलाय." पण ते कुणाला ऐकवण्यासाठी म्हणाले नव्हते, आणि कुणी ऐकलंही नाही. धाकटी खुर्चीत मागे टेकून उघडझाप करत होती, सावकाश, काही कारण नसताना, नुसती करायला मिळतेय म्हणून. मास्तर शेजारी रिकामी बरणी धरून उभे राहिले आणि मनात तिच्या उघडझापी मोजू लागले. चाळीसपर्यंत मोजलं, मग पुढचं त्यांना मोजता येईना.